‘नोंद सापडत नाही’ : स्थलांतरानंतर बिघडलेल्या एका इंडेक्सचे प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातील एका सहकारी साखर कारखान्याच्या शेती विभागाचा डेटाबेस नव्या सर्व्हरवर हलवण्याचे काम २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे आले. जुना सर्व्हर डेबियन ९ या लिनक्स कार्यप्रणालीवर होता, त्यावर पोस्टग्रेसक्यूएल (पुढे नुसते पोस्टग्रेस) या डेटाबेस-प्रणालीची ११ वी आवृत्ती चालत होती आणि त्या आवृत्तीचे सुरक्षा-सुधार नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद होणार होते. नोव्हेंबरच्या आरंभी गाळप सुरू होणार, त्यानंतर वजनकाटा रात्रंदिवस चालणार आणि चार-पाच महिने सर्व्हरला हात लावता येणार नाही, हे ठाऊक असल्यामुळे काम हंगामापूर्वीच उरकायचे असे ठरले. काम वेळेत झाले. त्यानंतर तीन आठवड्यांनी जे उघडकीस आले त्याची ही हकीकत आहे. हा दोष डेटाबेसच्या एकाही लॉगमध्ये दिसत नाही, आणि अनेक ठिकाणी तो आजही न ओळखता पडून असण्याची शक्यता आहे. म्हणून ती तपशिलाने लिहीत आहे.

प्रथम या डेटाबेसमध्ये काय असते ते सांगणे आवश्यक आहे. शेतकरी उसाची लागण करतो, तेव्हा ती कारखान्याच्या गट कार्यालयात नोंदवतो. नोंदीत सभासद, गाव, गट क्रमांक, क्षेत्र, उसाची जात आणि लागणीची तारीख असते. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा या क्रमाने आणि लागणीच्या तारखेनुसार तोडणी कार्यक्रम तयार होतो, आणि त्या कार्यक्रमातील पाळी आली की टोळी फडात जाते. मुदतीनंतर केलेली नोंद कार्यक्रमाच्या शेवटी लागते. पंधरा-सोळा महिने जोपासलेला आडसाली ऊस तोडीविना उभा राहिला, तर त्याला तुरा येतो, वजन आणि उतारा दोन्ही घटतात. म्हणून शेतकऱ्याच्या दृष्टीने ही नोंद हा कार्यालयीन सोपस्कार नसून त्याच्या वर्षाच्या उत्पन्नाचा आधार असतो. हे वाक्य मी मुद्दाम सुरुवातीला लिहिले आहे, कारण तांत्रिक चर्चेत पुढे जेव्हा ‘ओळ’ हा शब्द येईल, तेव्हा त्या ओळीमागे कोण उभा आहे हे वाचकाच्या ध्यानात राहावे.

नोंदींच्या टेबलमध्ये प्रत्येक ओळीला एक पूर्णांक क्रमांक होता आणि त्याखेरीज ‘जमीन-ओळख’ नावाचा एक मजकुराचा कॉलम होता. गावाचा संकेतांक, मग आडवी रेघ, मग गट क्रमांक आणि पोटहिस्सा असेल तर तिरप्या रेघेनंतर त्याचा आकडा, अशी त्याची रचना होती. गट क्रमांक केवळ अंकांत मावत नाही, ‘११२/१अ’ असे पोटहिस्से असतात, म्हणून तो मजकूर म्हणून ठेवणे योग्यच होते. हंगाम आणि जमीन-ओळख या जोडीवर एकमेवतेचे बंधन होते, म्हणजे एका हंगामात एका जमिनीची एकच नोंद राहील याची हमी डेटाबेसने घेतलेली होती. काट्यावरचा लिपिक हीच ओळख टाकून नोंद शोधत असे.

स्थलांतर आम्ही असे केले. नव्या सर्व्हरवर डेबियन १२ आणि त्यावर पोस्टग्रेस ११ घातले, जुन्या सर्व्हरवरून संपूर्ण डेटाबेसची बाइट-न्-बाइट प्रत उतरवली, स्ट्रीमिंग रेप्लिकेशनने ती प्रत जुन्याच्या बरोबरीने चालत ठेवली, आणि एका रविवारी रात्री जुना सर्व्हर थांबवून नव्याला मुख्य केले. त्यानंतर त्याच यंत्रावर ‘पीजी-अपग्रेड’ हे साधन लिंक पद्धतीने, म्हणजे फायलींची नवी प्रत न करता, चालवून ११ वरून १५ व्या आवृत्तीवर आलो. सगळे मिळून काम पाऊण तासात झाले. प्रत्येक टेबलमधील ओळींची संख्या, क्षेत्राची बेरीज आणि सभासदनिहाय येणे-देणे यांची जुन्याशी तुलना केली आणि सगळे आकडे शेवटच्या पैशापर्यंत जुळले.

सोमवारी सकाळी तक्रार आली ती संथपणाची. तोडणी कार्यक्रमाची यादी, जी पूर्वी दोन-तीन सेकंदांत येत असे, ती मिनिट उलटले तरी येईना. याचे कारण परिचित होते. टेबलमध्ये किती ओळी आहेत, कोणत्या कॉलममध्ये कोणती मूल्ये किती वेळा येतात, याची जी आकडेवारी क्वेरी-नियोजक, म्हणजे माहितीची मागणी (क्वेरी) कोणत्या मार्गाने पुरी करायची हे ठरवणारा डेटाबेसचा भाग, वापरतो ती त्या काळातील ‘पीजी-अपग्रेड’ नव्या आवृत्तीत आणत नसे. १८ व्या आवृत्तीपासून ती बव्हंशी आणली जाते. आकडेवारीविना नियोजक अंदाजाने चालतो आणि मोठ्या टेबलांच्या जोडणीसाठी चुकीचा मार्ग निवडतो. ‘अ‍ॅनलाइझ’ (ही आकडेवारी नव्याने गोळा करणारा आदेश) चालवायचे आमच्या यादीत होते, पण रात्री राहून गेले होते. ते चालवताच दहा मिनिटांत सगळ्या क्वेरी पूर्ववत वेगाने चालू लागल्या. ‘अपग्रेडनंतरची अडचण सुटली’ असा निरोप आम्ही कारखान्याला दिला, आणि माझ्या मते या प्रकरणातील खरी चूक इथे झाली. अपग्रेडनंतर काहीतरी बिघडेल अशी सर्वांचीच अपेक्षा होती, एक बिघाड सापडला, त्याचे कारण सापडले, उपायही लागू पडला, आणि त्या समाधानात दुसरे काही पाहायचे राहिले आहे हा विचारच कोणाच्या मनात आला नाही.

दुसऱ्या आठवड्यात गट कार्यालयांतून तुरळक फोन येऊ लागले. एखाद्या शेतकऱ्याची नोंद संगणकात सापडत नाही, आणि त्याच्याकडे तर नोंदीची छापील पावती आहे, असा त्यांचा आशय होता. हंगाम तोंडावर आल्यामुळे तेथील लिपिकांनी त्यांना सुचेल ते केले, म्हणजे शेतकऱ्याला परत न पाठवता पावतीवरून नोंद पुन्हा भरली. संगणकाने ती निमूटपणे स्वीकारली. लिपिकांचे काही चुकले असे मला वाटत नाही. समोर शेतकरी उभा असताना त्यांनी त्याचे काम अडू दिले नाही. मात्र नवी नोंद त्या दिवसाच्या तारखेने पडल्यामुळे ती मुदतीनंतरची ठरली आणि त्या शेतकऱ्याची पाळी कार्यक्रमाच्या तळाशी गेली.

आमच्यापर्यंत तक्रार पोहोचली तेव्हा पहिला संशय मजकुरावर गेला. मराठी माहिती भरताना हे नेहमी घडते: कोणी देवनागरी अंक टाकतो, कोणी इंग्रजी, कोठे शेवटी रिकामी जागा राहते, कोठे ‘अ’ च्या पुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह असते. आम्ही पावतीवरील ओळख आणि टेबलमधील ओळख यांचे बाइट मोजून पाहिले; दोन्ही तंतोतंत सारख्या होत्या. दुसरा संशय ट्रान्झॅक्शनवर, म्हणजे एकतर पूर्ण होणाऱ्या किंवा पूर्ण रद्द होणाऱ्या बदलांच्या संचावर, होता. मुख्य सर्व्हर बदलण्याच्या क्षणी काही ट्रान्झॅक्शन जुन्या यंत्रावर पूर्ण झाले आणि नव्यावर पोहोचलेच नाहीत, असे घडू शकते. पण हरवलेल्या नोंदी मागच्या वर्षीच्या पावसाळ्यातील आडसाली लागणीच्या होत्या, म्हणजे स्थलांतराच्या वर्षभर आधी कायम झालेल्या. तोही संशय मावळला.

उलगडा दोन गोष्टींमुळे झाला. शेती विभागातील एका कर्मचाऱ्याने एका गावाच्या नोंदींच्या दोन याद्या समोर ठेवल्या. दोन्ही जमीन-ओळखीच्या क्रमाने मागवलेल्या, दोन्हींत नोंदी त्याच, पण क्रम वेगळा. एका यादीत ११/५ हा गट ११३ च्या नंतर होता, दुसरीत ११२/१ च्याही आधी. पहिली यादी डेटाबेसने इंडेक्सवरून, म्हणजे नोंदी लवकर सापडाव्यात म्हणून क्रमाने लावून ठेवलेल्या सूचीवरून, जशीच्या तशी वाचून दिली होती आणि दुसरीत जास्तीच्या अटींमुळे ओळी आधी गोळा करून मग त्यांची क्रमवारी लावली होती. एकच डेटाबेस ‘चढता क्रम’ या शब्दांचे दोन अर्थ लावत होता. दुसरी गोष्ट अशी की, ‘न सापडणारी’ एक नोंद आम्ही तिच्या पूर्णांक क्रमांकाने मागितली, तर ती लगेच आली, आणि तिच्यातील जमीन-ओळख उचलून त्याच ओळखीने मागितली, तर शून्य ओळी आल्या. क्वेरीचा मार्ग दाखवणाऱ्या ‘एक्सप्लेन’ आदेशाने दाखवले की दुसरी क्वेरी इंडेक्सवरून जाते. आमच्या सत्रापुरते इंडेक्सचे वाचन बंद करून, म्हणजे ‘इनेबल-इंडेक्सस्कॅन’, ‘इनेबल-इंडेक्सओन्लीस्कॅन’ आणि ‘इनेबल-बिटमॅपस्कॅन’ हे तिन्ही पर्याय मिटवून, तीच क्वेरी पुन्हा चालवली, आणि नोंद समोर आली.

म्हणजे नोंद टेबलमध्ये होती, पण इंडेक्स तिच्यापर्यंत पोहोचत नव्हता. असे का व्हावे, हे समजण्यासाठी पोस्टग्रेसची एक रचना लक्षात घ्यावी लागते. दोन मजकुरांपैकी कोणता आधी आणि कोणता नंतर, हे तो स्वतः ठरवत नाही. कॉलमची क्रमवारी ‘लिबसी’ पद्धतीची असेल, आणि त्या आवृत्तीत सहसा तशीच असते, तर तो हा प्रश्न कार्यप्रणालीच्या सी-लायब्ररीला, म्हणजे लिनक्सवर ‘जीलिबसी’ला विचारतो. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या जीलिबसी २.२८ मध्ये क्रमवारीचे नियम आंतरराष्ट्रीय मानकाच्या नव्या आवृत्तीनुसार मोठ्या प्रमाणात बदलले. डेबियन ९ मध्ये २.२४ होती, डेबियन १० पासून पुढे २.२८ किंवा नंतरची आहे. आमच्या डेटाबेसची भाषा-निवड अमेरिकन इंग्रजीची होती. तिच्या जुन्या नियमांत रेघा आणि विरामचिन्हे पहिल्या फेरीच्या तुलनेत जमेस धरली जात नसत, नव्या नियमांत ती धरली जातात आणि अंकांच्या आधी येतात.

गटांच्या उदाहरणाने हे नेमके दिसते. ११२/१, ११३ आणि ११/५ हे तीन गट घ्या. जुन्या नियमाने तिरपी रेघ वगळली की त्यांची तुलना ११२१, ११३ आणि ११५ अशी होते, म्हणून इंडेक्समध्ये त्यांचा क्रम ११२/१, ११३, ११/५ असा कोरला गेला. आता नवे यंत्र ११/५ शोधू लागते. ते मधल्या ११३ शी तुलना करते. नव्या नियमाने रेघ अंकाच्या आधी येते, त्यामुळे ११/५ हा ११३ पेक्षा लहान ठरतो आणि शोध डावीकडे वळतो. गट तर उजवीकडे बसलेला आहे. डावीकडे तो नाही, म्हणून उत्तर ‘नाही’ असे येते. ११२/१ शोधताना मात्र नवा नियमही डावीकडेच पाठवतो आणि तो सापडतो. बी-ट्री या झाडासारख्या रचनेच्या इंडेक्समध्ये मुळापासून पानापर्यंत प्रत्येक पायरीवर हीच निवड होते, आणि जेथे दोन्ही नियमांची उत्तरे वेगळी पडतात तेवढ्याच नोंदी अदृश्य होतात. म्हणूनच बहुतेक शेतकऱ्यांच्या नोंदी बिनतक्रार सापडत होत्या. एकही नोंद सापडली नसती, तर दोष पहिल्याच दिवशी कळला असता.

एकमेवतेचे बंधन का तुटले, याचे उत्तरही यातच आहे. नवी ओळ घालताना तशीच ओळ आधी आहे का, हे डेटाबेस त्याच इंडेक्सला विचारतो. इंडेक्स ‘नाही’ म्हणाला की नवी ओळ स्वीकारली जाते. काही शोधताना ‘सापडले नाही’ हे उत्तर ‘अस्तित्वात नाही’ असे समजून पुढची कृती होते, आणि या प्रकरणात ते डेटाबेसकडूनही झाले आणि माणसांकडूनही झाले.

आमच्या पडताळणीत हे का दिसले नाही, हे आता स्पष्ट आहे. ओळींची संख्या आणि बेरजा संपूर्ण टेबल वाचून निघतात, त्यात कोणत्याही मजकुराची लहान-मोठी तुलना होत नाही. त्यामुळे त्या जुळणारच होत्या. पोस्टग्रेसने इशारा का दिला नाही, हा प्रश्न अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे. १५ व्या आवृत्तीपासून प्रत्येक डेटाबेसच्या क्रमवारी-नियमांची आवृत्ती नोंदवून ठेवली जाते आणि यंत्रावरील आवृत्ती तिच्याशी जुळली नाही तर जोडणीच्या वेळी इशारा मिळतो. परंतु ११ व्या आवृत्तीकडे अशी नोंदच नसल्यामुळे, ‘पीजी-अपग्रेड’ने १५ मध्ये डेटाबेस निर्माण करताना त्या क्षणी यंत्रावर जी लायब्ररी होती तिचीच आवृत्ती लिहून घेतली. इंडेक्स जुन्या नियमाने रचलेले, बाजूला लिहिलेली आवृत्ती नवी, आणि यंत्रावरची लायब्ररीही नवी. त्यामुळे डेटाबेसच्या दृष्टीने सर्व काही सुसंगत होते. इशाऱ्याची सोय असूनही आमच्या बाबतीत ती पहिल्याच क्षणी निरुपयोगी ठरली होती. मूळ दोष तर त्याही आधी, ११ वरून ११ वर बाइट-न्-बाइट प्रत नेताना शिरला होता, ज्या पायरीला आम्ही अपग्रेड समजतही नव्हतो.

कारण कळल्यावर मी एक घाई केली, तीही नमूद करतो. सकाळी दहाच्या सुमारास, काटा चालू असताना, मी जमीन-ओळखीच्या इंडेक्सवर तो नव्याने रचणारा साधा ‘रीइंडेक्स’ आदेश दिला. टेबल लहान आहे, काम अर्ध्या मिनिटात होईल असा हिशेब होता. साधा रीइंडेक्स प्रथम टेबलवर असे लॉक (वापरावरचा ताबा) घेतो की वाचन चालू राहते पण लेखन थांबते, आणि त्यानंतर इंडेक्सवर पूर्ण मक्तेदारीचे लॉक मागतो. हे दुसरे लॉक मिळेना. अहवालाचा पडदा उघडला की प्रोग्राम एक ट्रान्झॅक्शन सुरू करी आणि पडदा मिटेपर्यंत ते संपवत नसे. असा एक पडदा आदल्या संध्याकाळपासून उघडा होता आणि त्याने इंडेक्सवरचे वाचनाचे लॉक धरून ठेवले होते. माझा आदेश त्याच्यामागे उभा राहिला, आणि त्यानंतर आलेली प्रत्येक क्वेरी माझ्या आदेशामागे उभी राहिली, कारण नियोजकाला योजना आखतानाच टेबलच्या सर्व इंडेक्सवर वाचनाचे लॉक लागते. दोन मिनिटांत काट्यावरचे पडदे गोठले आणि फाटकाबाहेर ट्रॅक्टरची रांग लागली. ‘पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटी’मध्ये ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ (ट्रान्झॅक्शन उघडे ठेवून निष्क्रिय) अशी एक जोडणी दिसली, ‘पीजी-ब्लॉकिंग-पिड्स’ने रांगेचे डोके दाखवले, मी आधी माझा आदेश रद्द केला आणि रांग मोकळी झाली. आदेशापूर्वी सत्रात ‘लॉक-टाइमआउट’ (लॉकची वाट पाहण्याची मर्यादा) तीन सेकंद ठेवला असता, तर माझा आदेश निमूट अयशस्वी झाला असता आणि कोणाला काही जाणवले नसते. त्या दिवसापासून चालू डेटाबेसवर रचना बदलणारा एकही आदेश मी ही मर्यादा घातल्याशिवाय देत नाही.

शिवाय तो आदेश पूर्ण होऊ शकलाच नसता. टेबलमध्ये आता दुहेरी नोंदी होत्या, आणि नव्या नियमाने इंडेक्स पुन्हा रचताना त्या शेजारी-शेजारी येऊन एकमेवतेचे बंधन भंगले असते. ‘कॉन्करंटली’ हा पर्याय वापरला असता, तर लेखन अडले नसते, पण अपयशानंतर अर्धवट, अवैध इंडेक्स मागे उरला असता. म्हणून क्रम उलटा हवा होता: आधी दुहेरी नोंदी मिटवणे, मग इंडेक्स.

त्या दिवशी दुपारी नोंदणीचा पडदा फक्त वाचनापुरता खुला ठेवला, म्हणजे नव्या दुहेरी नोंदी पडणे थांबले. मग ‘एएमचेक’ हे पोस्टग्रेसबरोबर येणारे विस्तार-साधन सर्व बी-ट्री इंडेक्सवर चालवले. इंडेक्समधील लागोपाठची मूल्ये सध्याच्या नियमाने खरोखर चढत्या क्रमात आहेत का, हे ते तपासते. पूर्णांक आणि तारखांवरचे सर्व इंडेक्स निर्दोष निघाले, कारण त्यांची तुलना लायब्ररीवर अवलंबून नसते. मजकुरावरच्या अकरा इंडेक्सपैकी चार सदोष होते, आणि त्या चारही कॉलममध्ये रेघा किंवा तिरप्या रेघा असलेले संकेतांक होते. सभासद आणि वजनपावत्या एकमेकांशी पूर्णांक क्रमांकाने जोडलेल्या होत्या, हे आमचे सुदैव. मजकुरावर परकी-किल्ली, म्हणजे एका टेबलची ओळ दुसऱ्या टेबलच्या ओळीशी बांधणारे बंधन, असती, तर मूळ ओळ काढताना तिच्यावर अवलंबून असलेल्या ओळी इंडेक्सला न दिसून निराधार राहिल्या असत्या.

इंडेक्स बंद ठेवून, संपूर्ण टेबल वाचून काढल्यावर दुहेरी नोंदींच्या त्रेसष्ट जोड्या निघाल्या. यानंतरचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो संगणकाचा नव्हता. ‘जुनी ठेवावी, नवी पुसावी’ असा एक ओळीचा आदेश लिहिणे सोपे होते आणि आमच्यापैकी एकाने तो लिहूनही ठेवला होता. शेती अधिकाऱ्यांनी तसे करू दिले नाही. त्यांनी जोड्यांची गाववार छापील यादी मागितली आणि ती चिटबॉयांकडे, म्हणजे गावोगावी उसाच्या नोंदी पाहणाऱ्या कारखान्याच्या कर्मचाऱ्यांकडे, दिली. दोन दिवसांत यादी परत आली, तेव्हा पाच जोड्यांत नव्या नोंदीतले क्षेत्र बरोबर होते, कारण दुसऱ्यांदा नोंद करताना ते फडावर जाऊन पुन्हा मोजले गेले होते. दोन जोड्यांत मधल्या काळात वाटणी होऊन सभासद बदलला होता. काही नव्या नोंदींवर वजनपावत्याही पडल्या होत्या, आणि ऊस आल्यापासून चौदा दिवसांत त्याचे पैसे देण्याचे बंधन ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार कारखान्यावर असल्यामुळे त्या पावत्या एका दिवसासाठीही निराधार ठेवून चालणार नव्हते.

दुरुस्ती रात्री एक ते तीन या वेळेत केली. गाळप थांबवता येत नव्हते, म्हणून काट्यावर तेवढ्या वेळेपुरती हाती पावती पुस्तके दिली आणि उघडे राहिलेले सर्व पडदे स्वतः फिरून मिटवले. पूर्ण बॅकअप घेतला. मग एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये पुढील कामे केली: टेबलला लॉक लावले, सदोष बंधन आणि त्याचा इंडेक्स काढून टाकला, त्रेसष्टही जोड्यांच्या दोन्ही ओळी मूळ स्वरूपात एका स्वतंत्र टेबलमध्ये जतन केल्या, शेती विभागाच्या यादीनुसार राखायच्या ओळीत योग्य क्षेत्र व सभासद लिहिले, नोंदीची मूळ तारीख कायम ठेवली, वजनपावत्या तिच्याकडे वळवल्या, दुसरी ओळ काढली आणि शेवटी बंधन पुन्हा घातले. पोस्टग्रेसमध्ये टेबलची रचना बदलणारे आदेशही ट्रान्झॅक्शनच्या आत चालतात, हा त्याचा फार मोठा गुण या रात्री उपयोगी पडला. पहिल्या प्रयत्नात बंधन घालताना चूक निघाली, कारण त्या पहिल्या दुपारी पडदा बंद होण्याच्या अगदी आधी पडलेली चौसष्टावी जोडी यादीत नव्हती. यादी त्या आधी काढलेली होती. संपूर्ण ट्रान्झॅक्शन मागे फिरले, टेबल जसेच्या तसे राहिले, त्या एका शेतकऱ्याच्या नोंदीची खातरजमा गट कार्यालयाच्या वहीवरून फोनवर केली आणि दुसऱ्या प्रयत्नात काम पूर्ण झाले. बंधन काढणे आणि घालणे ही दोन वेगळी कामे म्हणून केली असती, तर मधल्या अपयशानंतर टेबल बंधनाविना उघडे राहिले असते.

उरलेले तीन सदोष इंडेक्स एकमेवतेचे नव्हते; ते, आणि खबरदारी म्हणून मजकुरावरचे इतर सर्व, ‘रीइंडेक्स कॉन्करंटली’ने नव्याने रचले. नंतर ‘एएमचेक’ पुन्हा चालवले, यावेळी टेबलमधील प्रत्येक ओळ इंडेक्समध्ये आहे की नाही हे पाहणाऱ्या पर्यायासह. पहाटे तोडणी कार्यक्रम नव्याने काढला आणि चौसष्ट शेतकऱ्यांच्या पाळ्या त्यांच्या मूळ जागी आल्या. तिघांच्या पाळीचे दिवस तोपर्यंत उलटून गेले होते; त्यांच्या फडात दुसऱ्याच दिवशी टोळ्या पाठवण्याचा निर्णय शेती विभागाने घेतला.

यानंतर रचनेत काही बदल केले. जमीन-ओळख आणि तत्सम सर्व संकेतांकांच्या कॉलमना ‘सी’ क्रमवारी दिली. या क्रमवारीत तुलना केवळ बाइटांची होते, कोणत्याही लायब्ररीचा नियम त्यात येत नाही आणि म्हणून तो बदलतही नाही. संकेतांकाला भाषेच्या क्रमाची गरज नसते, हे खरे तर पहिल्या दिवशीच ठरायला हवे होते. सभासदांच्या नावांना मात्र ती गरज आहे, कारण यादी मराठी वर्णक्रमाने आली नाही तर वाचणाऱ्याला नाव सापडत नाही. तेथे यादी काढण्यापुरती पोस्टग्रेसमधील मराठीची आयसीयू (भाषांचे नियम पुरवणारी स्वतंत्र लायब्ररी) क्रमवारी वापरली आणि तिच्यावर एकमेवतेचे कोणतेही बंधन ठेवले नाही. आयसीयूचे नियमही आवृत्तीगणिक बदलू शकतात, पण मग बिघडलाच तर यादीचा क्रम बिघडेल, नोंद हरवणार नाही. उघड्या पडद्यांसाठी ‘आयडल-इन-ट्रान्झॅक्शन’ची कालमर्यादा दहा मिनिटे केली आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडून अहवाल छापून होताच ट्रान्झॅक्शन संपवण्याची दुरुस्ती करून घेतली.

अशा स्थलांतराचा निर्दोष मार्ग कोणता, असे मला विचारले जाते. दोन यंत्रांच्या लायब्ररीत क्रमवारीचे नियम वेगळे असतील, तर बाइट-न्-बाइट प्रत न नेता ‘पीजी-डम्प’ने माहिती काढून नव्या यंत्रावर भरावी, किंवा वेळ कमी असेल तर लॉजिकल रेप्लिकेशन (बाइटांऐवजी ओळींमधील बदल नेणारी पद्धत) वापरावे, दोन्ही पद्धतींत इंडेक्स नव्या यंत्रावर, नव्या नियमानेच रचले जातात. बाइट-न्-बाइट प्रत टाळता येणारच नसेल, तर वापर सुरू करण्यापूर्वी मजकुरावरचा प्रत्येक इंडेक्स पुन्हा रचावा. आणि नियम वेगळे आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी डेटाबेसचीही गरज नाही. ‘१-१’ आणि ‘११’ या दोन ओळी इंग्रजी अंकांत लिहून दोन्ही यंत्रांवर त्याच भाषा-निवडीने ‘सॉर्ट’ करून पाहाव्यात. जीलिबसी २.२८ च्या आधीचे यंत्र ‘११’ आधी देते, नंतरचे यंत्र ‘१-१’ आधी देते. आमच्या स्थलांतराच्या कार्ययादीत आता ही पहिली पायरी आहे, ‘अ‍ॅनलाइझ’ शेवटून दुसरी आहे, आणि त्यानंतर ‘एएमचेक’चा निकाल कोरा आल्याशिवाय ‘काम पूर्ण झाले’ असा निरोप कोणालाही दिला जात नाही.